डिस्क १०० टक्के दिसते म्हणून दोष डिस्कचाच असेल असं नाही

प्रश्न थोडक्यात असा: सहा कोअरचा प्रोसेसर, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, डीडीआर४ ३२०० रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, विंडोजसाठी २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) आणि गेम्स ठेवलेली १ टीबीची हार्ड डिस्क. गेम उघडायला वेळ लागतो आणि खेळताना मध्येच अडकतो. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के. एक मित्र म्हणतो एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची) एसएसडी घे, दुसरा म्हणतो रॅम १६ जीबी कर. दोन्ही एकदम घेणं जमणार नाही, मग आधी काय?

तुमच्या कॉम्प्युटरसाठी माझं उत्तर आहे, आधी रॅम. पण ते नुसतं ऐकून खरेदीला जाऊ नका. मी गेली १५ वर्षं कॉम्प्युटर जोडण्याचं आणि दुरुस्तीचं काम करते, आणि अगदी ह्याच तक्रारीवर मी अनेकांना आधी एसएसडी घ्यायला सांगितलेलं आहे. काहींना तर दोन्ही नको म्हणून परत पाठवलं आहे. तक्रारीचे शब्द सारखे असले तरी आत चाललेलं वेगळं असतं, आणि ते दहा-पंधरा मिनिटांत घरच्या घरी बघता येतं.

तुम्ही एकाच वाक्यात दोन तक्रारी लिहिल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. गेम उघडायला वेळ लागतो ही एक, आणि खेळताना अडकतो ही दुसरी. पहिली बहुतेक वेळा हार्ड डिस्कचीच असते, त्यात फारसं शोधण्यासारखं काही नाही. दुसरी मात्र निदान चार जागांहून येऊ शकते, आणि पैसे चुकतात ते तिथे.

मी स्वतः इथे चुकले आहे. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी त्याचा कॉम्प्युटर घेऊन आला. ८ जीबी रॅम, सगळं एकाच हार्ड डिस्कवर. मोठ्या मोकळ्या नकाशाचा गेम, गाडी जोरात वळवली की चित्र अर्धा-एक सेकंद थिजायचं. नेमक्या त्या क्षणी कॅबिनेटवरचा लाल दिवा न मिचकावता पेटून राहायचा आणि आतून डिस्कची कट-कट ऐकू यायची. इतका स्पष्ट पुरावा मिळाल्यावर मी पुढे काही बघितलंच नाही. एसएसडी बसवली, विंडोज आणि गेम तिच्यावर घेतले, त्याला खूश करून पाठवलं. आठवड्याने तो परत आला. गेम झटकन उघडत होता, पण वळणावरचं अडकणं होतंच, फक्त छोटं झालं होतं. ह्या वेळी मी दुसऱ्या स्क्रीनवर टास्क मॅनेजर उघडा ठेवून त्याच्या शेजारी बसले. रॅम ८ जीबी, आणि खेळताना ‘कमिटेड’चा, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम्सनी मागितलेल्या मेमरीचा, आकडा १३ च्या पुढे. म्हणजे मेमरीत न मावणारं सामान विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकत होतं आणि लागलं की परत आणत होतं. आधी ही हमाली हार्ड डिस्क करत होती, आता एसएसडी करत होती. ८ जीबीची दुसरी स्टिक घातल्यावर अडकणं थांबलं. त्याला एसएसडीबरोबर रॅमही द्यायला हवी होती. तेव्हापासून डिस्कचा दिवा बघून मी निर्णय देत नाही.

वेगातला फरक किती आहे तेही बघा. रॅममधून एक तुकडा आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीला त्याच्या हजारपट, हार्ड डिस्कला लाखपट. रॅमचं काम एका सेकंदात होतं असं धरलं, तर तेच काम एसएसडीकडे साधारण १७ मिनिटं घेईल आणि हार्ड डिस्ककडे एक दिवस आणि वर जवळपास चार तास. एसएसडी कितीही महागाची घेतली तरी ती कमी पडलेल्या रॅमची जागा भरून काढत नाही, ती ह्यामुळे.

रॅम कमी पडली की डिस्कवर ताण येण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. रॅम शिल्लक असेल तर विंडोज नुकत्याच वाचलेल्या फाइल्स तिथेच धरून ठेवतं. तुम्ही एका भागातून बाहेर पडून दहा मिनिटांनी परत आलात, तर ते सगळं रॅममधूनच मिळतं, डिस्कला हात लागत नाही. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर, चॅटचं ॲप आणि गेम बसले की ह्या साठ्यासाठी जागाच उरत नाही. मग त्याच फाइल्स त्याच हार्ड डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचल्या जातात. पेजफाइल एसएसडीवर असूनही तुमची हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर दिसायला हे एक कारण पुरेसं आहे.

आता बघायचं कसं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. तुमच्याकडे डिस्क ० आणि डिस्क १ अशा दोन नोंदी दिसतील. १०० टक्के नेमकी कोणती होते ते आधी बघा. बहुतेक जण पहिल्या पानावरचा एकच आकडा वाचतात आणि तो कोणत्या डिस्कचा आहे हे तिथे कळत नाही. अडकताना विंडोजवाली एसएसडी धावत असेल आणि गेमवाली हार्ड डिस्क शांत असेल, तर रॅमवर संशय घ्या, कारण पेजफाइल सहसा विंडोजच्याच डिस्कवर असते. मग मेमरीच्या पानावर या. ‘इन यूज’ ८० टक्के दिसलं म्हणून घाबरू नका, त्यावरून फारसं कळत नाही. ‘कमिटेड’ बघा. तिथे तिरप्या रेघेने तोडलेले दोन आकडे असतात. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम्सनी मिळून मागून ठेवलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून एकूण मर्यादा. खेळताना पहिला आकडा तुमच्या खऱ्या रॅमच्या बराच वर गेला, आणि त्याच वेळी विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’ची (रॅममध्ये न सापडलेलं डिस्कवरून आणावं लागण्याची) रेघ सतत शेकड्यांत राहिली, तर रॅम कमी पडते आहे. अधूनमधून एखादी उसळी दिसणं साहजिक आहे. गेम नवीन भाग उघडताना ती येतेच.

हे आकडे गेम अर्धा तास चालू राहिल्यावर बघा. पहिल्या पाच मिनिटांत सगळंच बरं दिसतं.

ह्यानंतरची चाचणी फुकट आहे. तुमच्या एसएसडीवर थोडी जागा मोकळी करा आणि अडकणारा एकच गेम तिकडे हलवा. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’खाली फोल्डर हलवायची सोय आहे, पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही. गेम एसएसडीवर नेल्यावर अडकणं पूर्ण गेलं तर रोग साठवणुकीचा होता आणि तुमच्या पहिल्या मित्राचं बरोबर. लोडिंग सुधारलं पण अडकणं उरलं, तर बहुधा रॅम. काहीच बदललं नाही तर थांबा, दोन्ही घेऊ नका.

काहीच न बदलण्याची दोन मोठी कारणं असतात. पहिलं ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. तुमच्याकडे ६ जीबी आहे. नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) सर्वात वरच्या दर्जाला ठेवलं तर ती भरते आणि उरलेलं रॅममध्ये सांडतं. तिथून ते कार्डापर्यंत आणण्याचा रस्ता फार अरुंद आहे. टेक्स्चर एक पायरी खाली आणून खेळा. अडकणं गेलं तर उपाय सापडला, आणि तोही फुकट.

दुसरं कारण शेडर. काही गेम प्रत्येक नवीन दृश्य पहिल्यांदा दाखवताना ग्राफिक्स कार्डासाठीचा कोड जागच्या जागी तयार करतात आणि तेवढ्यात चित्र अडकतं. इथे लोकांचा गोंधळ होतो, कारण हार्ड डिस्कमुळे होणारं अडकणंही पहिल्यांदाच जास्त असतं, दुसऱ्या फेरीला फाइल्स रॅममध्ये आलेल्या असतात. वेगळं करायची माझी पद्धत साधी आहे. त्याच जागेतून दोनदा जा. दुसऱ्यांदा अडकलं नाही, तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून तिसऱ्यांदा त्याच जागेतून जा. रीस्टार्टनंतर रॅम रिकामी होते, पण तयार झालेले शेडर डिस्कवर जपलेले असतात. तिसऱ्यांदा पुन्हा अडकलं तर डिस्क. अडकलं नाही तर शेडर, आणि त्यावर रॅमही चालत नाही, एसएसडीही नाही.

आता तुमच्या एका स्टिकबद्दल, कारण मी रॅमकडे झुकते त्यात ह्याचा मोठा वाटा आहे. डीडीआर४ ३२०० च्या एका चॅनेलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका रस्त्यावरून, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जाऊ शकतो. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की दोन चॅनेल मिळून ५१.२. तुमच्या प्रोसेसरला दोन्ही चॅनेल वापरता येतात आणि आज तो एकावर चालला आहे. दुसरी स्टिक घातली की जागा वाढते आणि रस्ताही दुप्पट होतो. ग्राफिक्स कार्डावरच सगळा भार असलेल्या गेममध्ये हे फारसं जाणवणार नाही, पण गर्दीच्या शहरात, मोठ्या लढाईत, म्हणजे जिथे प्रोसेसरची दमछाक होते तिथे सगळ्यात खालचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वर येतात. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळतात, त्यांनी तर विचारसुद्धा करू नये, दुसरी स्टिकच घ्यावी. तिथे रॅम हीच ग्राफिक्सचीही मेमरी असते.

खरेदीआधी मेमरीच्या पानावर आणखी दोन ओळी वाचा, ‘स्पीड’ आणि ‘स्लॉट्स यूज्ड’. स्टिकवर ३२०० छापलेलं असून इथे २१३३ किंवा २४०० दिसलं, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगावर चालवायची सोय, सुरू केलेली नाही. ती आजच सुरू करा. वर्षानुवर्षं कमी वेगावर चालणारे कॉम्प्युटर माझ्याकडे इतके आले आहेत की कॅबिनेट उघडण्याआधी मी हेच तपासते.

रॅम घेताना शक्य असेल तर दोन स्टिकचा एकत्र विकला जाणारा संच घ्या. ते परवडत नसेल तर आहे त्याच मॉडेलची, त्याच वेगाची आणि त्याच टायमिंगची दुसरी स्टिक. वेगवेगळ्या स्टिक बऱ्याचदा एकत्र चालतात, फक्त दोन्ही हळू असलेलीच्या वेगाने चालतात. मदरबोर्डला चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजलेला दुसरा आणि चौथा वापरायचा असतो, बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असतेच. शेजारीशेजारी लावल्या तर १६ जीबी दिसेल, पण चॅनेल एकच राहील. स्टिक दोन्ही टोकांना खट् असा आवाज होईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली स्टिक आणि काळी स्क्रीन घेऊन घाबरून आलेल्या माणसांचं काम माझ्याकडे दोन मिनिटांत होतं. बसवल्यावर एक रात्र मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा आणि एकही चूक दिसली तर स्टिक बदलून घ्या. खराब रॅम गेम तर बंद पाडतेच, शिवाय डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या फाइल्सही बिघडवते. एखादा गेम पुन्हा पुन्हा ‘फाइल्स खराब आहेत’ म्हणतो आणि लोक डिस्कला दोष देत बसतात, त्यात कधीकधी रॅम सापडते.

एसएसडीची बाजूही पूर्ण मांडते, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांची स्थिती तुमच्या उलट असेल. १६ जीबी रॅम दोन स्टिकमध्ये आहे, पण गेम्स हार्ड डिस्कवर आहेत, त्यांनी रॅम वाढवू नये, एसएसडी घ्यावी. विंडोजच हार्ड डिस्कवर असेल तर ८ जीबी असतानाही मी आधी एसएसडी सांगते, कारण तिथे पेजफाइलही त्याच फिरत्या तबकडीवर असते आणि अख्खा कॉम्प्युटरच वापरवत नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी अर्धा फेरा फिरायला ४.२ मिलिसेकंद घेते, आणि वाचणारा दांडा योग्य जागी पोचायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे एका तुकड्याला १२-१३ मिलिसेकंद. ६० एफपीएसवर एका फ्रेमला मिळतात १६.७ मिलिसेकंद. डिस्कवर विखुरलेले दोन तुकडे मागितले की एक फ्रेम गेलीच. साधी साटा एसएसडी असे हजारो तुकडे सेकंदात देते.

गेम बनवणाऱ्यांनीही आता हार्ड डिस्क सोडून दिली आहे. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स एसएसडीसह आले, आणि त्यांच्यासाठी लिहिलेले गेम सामान वेळेवर मिळेल असं धरूनच चालतात. २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्डने किमान गरजेतच एसएसडी आणि १६ जीबी रॅम लिहिली. त्याच वर्षी सायबरपंक २०७७ च्या किमान गरजेतून हार्ड डिस्क गेली. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा हवी, तीही एसएसडीवर. तेव्हा रॅम घेतली तरी एसएसडीचा विषय तुमच्यासाठी संपत नाही, पुढच्या खरेदीवर जातो.

ती घ्याल तेव्हा वेगाच्या आकड्यांमागे लागू नका. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, पीसीआयई ३ ची (पीसीआयई म्हणजे एनव्हीएमई ज्या मार्गाने जोडली जाते तो) एनव्हीएमई ३,५०० च्या आसपास, पीसीआयई ४ ची ७,००० पर्यंत. खोक्यावर हे भारी दिसतं, पण गेमच्या लोडिंगमध्ये बऱ्याचदा फरक काही सेकंदांचाच पडतो, कारण वाचलेला डेटा प्रोसेसरला उलगडावा लागतो आणि वेळ तिथे जातो. हे काम ग्राफिक्स कार्डाकडे द्यायला मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज आहे, २०२२ पासून, पण ते वापरणारे गेम अजून थोडे आहेत. म्हणून साटा एसएसडी असलेल्यांनी फक्त गेमसाठी ती काढून एनव्हीएमई घेऊ नये. वेगापेक्षा जागा बघा. १ टीबी घ्या. ५०० जीबीत वरच्या १५० जीबीवाल्यासारखे तीन मोठे गेम आणि विंडोज बसले की काठोकाठ येते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना हळू होते.

बसवताना दोन गोष्टींनी लोक हमखास घाबरतात. मदरबोर्डचा एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) साटासाठी आहे, एनव्हीएमईसाठी की दोन्हींसाठी, ते आधी पुस्तिकेत बघा. काही बोर्डांवर एम.२ मध्ये काही बसवलं की एखादं-दोन साटा पोर्ट बंद होतात. एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली असं झालं तर डेटा गेलेला नसतो, वायर दुसऱ्या पोर्टात लावा. आणि नवी एसएसडी सुरुवातीला ‘धिस पीसी’मध्ये दिसणारच नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती जीपीटी (डिस्कच्या विभागणीची एक पद्धत) म्हणून सुरू करावी लागते. तिथे नेमकी कोणती डिस्क निवडली आहे ते दोनदा वाचा.

एक अपवाद वरचं सगळं बाजूला सारतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम उघडून तुमच्या हार्ड डिस्कची तब्येत बघा. ‘रीॲलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’चे, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचे, आकडे वाढत असतील, तर रॅमचा विचार सोडा. आजच फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा आणि एसएसडीच घ्या. मरायला टेकलेली डिस्कही १०० टक्के दाखवते आणि गेम अडकवते, आणि ती तुमच्या सोयीची वेळ बघून बंद पडत नाही.

३२ जीबी आत्ता हवी का, असं कुणी विचारेल. तुमच्या जुळणीला नको. खूप मॉड घातलेले गेम, मोठी शहरं उभारायचे गेम, खेळता खेळता स्ट्रीमिंग, ह्यांना ती लागते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ किमान १६ आणि शिफारस म्हणून ३२ सांगतो. डीडीआर५ वर नवीन कॉम्प्युटर जोडणाऱ्यांनी मात्र १६ च्या दोन स्टिकपासूनच सुरुवात करावी आणि नंतर आणखी दोन घालू असा बेत करू नये. चार स्टिकवर वेग बराच खाली येतो. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरसाठी चार स्टिकचा अधिकृत वेग ३६०० च आहे. तुमचा बोर्ड डीडीआर४ चा आहे, त्यात डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

तर आज रात्री एवढं करा. डिस्कची तब्येत बघा, एक्सएमपी तपासा, अडकणारा गेम एसएसडीवर हलवून अर्धा तास खेळा आणि ‘कमिटेड’चा पहिला आकडा कागदावर लिहून ठेवा. तो ८ च्या बराच वर गेलेला असेल, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर दुसरी स्टिक आणा, आणि सध्या जो गेम खेळता तेवढा एकच एसएसडीवर ठेवा, बाकीचे हार्ड डिस्कवर राहू देत. स्टिक बसवल्यावर मेमरीच्या पानावर १६ जीबी, दोन स्लॉट आणि ३२०० ह्या तिन्ही गोष्टी दिसतात का ते बघा, आणि त्याच जागी, त्याच वळणावर पुन्हा खेळून कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा.